पंडिता रमाबाई आणि दुष्काळांतील मुलांची हकीकत

खारेपाटण आज खाडीच्या वरच्या अंगाला वसलेलें एक शांत गांव आहे. एके काळीं तें मोठें बंदर होतें, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. याच गांवीं शिलाहार राजा रट्टराज याचे ताम्रपट सांपडले. शके ९३० म्हणजे इ. स. १००८ सालीं कोरलेले ते पत्रे पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं वाचून प्रसिद्ध केले, आणि दक्षिण कोंकणच्या शिलाहारांची वंशावळ जगाला कळली. कोणीं तरी लिहून ठेवलें म्हणून राजांचीं नांवें उरलीं. त्या शतकांत दुष्काळ पडलेच असतील, मुलें पोरकीं झालींच असतील. पण त्यांचीं नांवें कोरण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आजच्या काळीं ही स्थिति पालटली आहे. पूर, भूकंप, युद्ध अथवा अवर्षण यांपैकीं कोणतेंही संकट ओढवलें म्हणजे मुलांच्या साहाय्यार्थ ज्या संस्था धांवून जातात, त्यांत धान्य वाटणारे, जखमा बांधणारे व तंबू उभारणारे यांच्या जोडीला हकीकत लिहिणारा असाही एक मनुष्य असतो. छावणींत मुलें किती, त्यांपैकीं आईबापांविना किती, दूध पुरतें कीं नाहीं, कोणत्या अधिकाऱ्यानें काय नाकारलें, हें सर्व तो पाहून टिपतो व दूर राहणाऱ्या दात्यांस कळवितो. पुष्कळ वेळां कोणी तरुण किंवा तरुणी हें काम स्वेच्छेनें व वेतनावांचून करते. वरवर पाहतां तें निव्वळ कारकुनी वाटतें. परंतु त्यांत एक चूक झाली तर शंभर मुलांचें अन्न चुकतें, आणि एक खरी गोष्ट लिहिली तर सरकारची इतराजी होते. या कामाला आमच्या भाषेंत अजून धड नांवही नाहीं. असें असतांही सव्वाशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांतील एका विधवा स्त्रीनें तें केलें. पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांनीं पूर्वीं वाचलें असेल. आम्ही तें या एका बाजूनें पुन्हां सांगूं इच्छितों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् वैदिक ब्राह्मण होते. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. तो त्या काळीं अपराध ठरला, आणि लोकनिंदेला कंटाळून ते रानांत जाऊन राहिले. पुढें आतिथ्यांत व तीर्थयात्रांत होतें नव्हतें तें द्रव्य संपलें. मुली लहान असतांच कुटुंब यात्रेला निघालें आणि पुराणें सांगत गांवोगांव हिंडूं लागलें. आईच्या तोंडून ऐकत ऐकत रमाबाईंचें हजारों श्लोकांचें पाठांतर झालें. शाळा त्यांनीं पाहिली नाहीं. हा भाग बहुतेक चरित्रकार मोठ्या कौतुकानें सांगतात, व तें योग्यच आहे. पण आम्हांस त्याच्या पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत अन्नाची दुर्मिळता झाली. पुराण ऐकून दक्षिणा देणारे हात आंखडले. डोंगरे कुटुंबाजवळचें किडूकमिडूक, भांडीं व वस्त्रें विकून झालीं. भिक्षा मागण्याची संवय नाहीं, मजुरी करणें ब्राह्मण्यास कमीपणा आणणारें, अशा कात्रींत तीं माणसें सांपडलीं. अखेर तिरुपतीजवळच्या अरण्यांत अकरा दिवस त्यांनीं पाणी, झाडाचा पाला व मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांनीं जलसमाधि घेण्याचा निश्चय केला होता. तेव्हां मुलगा श्रीनिवास यानें अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखविली व तो बेत टळला. पण उपासानें खचलेला देह फार दिवस टिकला नाहीं. आधीं वडील गेले, थोड्याच महिन्यांनीं आई गेली, पुढें थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आईचें प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. दोघां ब्राह्मणांस दया आली, तिसरा श्रीनिवास, आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंचीनें लहान असल्यामुळें तिला खांद्यावर भार घेतां येईना. तिनें तो डोक्यावर घेतला.

ही सर्व हकीकत रमाबाईंनीं पुढें १८९७ सालीं, दुसऱ्या एका दुष्काळाच्या वेळीं, स्वतः लिहिली. मधलीं वीस-बावीस वर्षें त्यांनीं ती विस्तारानें सांगितली नव्हती असें दिसतें. दुसऱ्यांच्या भुकेविषयीं लिहावयास बसल्यावरच त्यांना आपली भूक लिहितां आली. शेजारणीकडे आईसाठीं भाकरीचा तुकडा मागावयास गेल्या असतां तोंडांतून शब्द फुटेना, ही गोष्टही त्यांनीं लपविली नाहीं. मदत मागणाऱ्याच्या मनाची लाज काय असते, हें ज्यानें भोगलें आहे त्याच्या लेखणीस इतरांच्या लाजेची आठवण राहते.

मधला काळ आम्ही थोडक्यांत सांगतों. भाऊबहीण पायीं हिंडत उत्तरेकडे गेलीं. झेलमच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूंत खड्डे करून अंगावर वाळू ओढून घेत. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्यें श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. दोन वर्षांच्या आंत पटकीनें पतीचा अंत झाला. मनोरमा नांवाची तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्या १८८२ सालीं पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला.

त्याच वर्षीं हंटर साहेबांचें शिक्षणमंडळ पुण्यास आलें. त्यापुढें रमाबाईंनीं मराठींत साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्रीशिक्षिका हव्यात, देखरेखीस स्त्रिया हव्यात, आणि पुरुष वैद्यापुढें तोंड न उघडणाऱ्या स्त्रिया विनाकारण मरतात म्हणून स्त्रियांना वैद्यक शिकवावें, असें त्यांनीं सांगितलें. चोवीस वर्षांच्या विधवेनें सरकारी मंडळापुढें उभें राहून हें बोलणें हीच तेव्हां नवलाची गोष्ट होती. हंटर साहेबांनीं त्या साक्षीचें भाषांतर करवून तें निराळें छापविलें. रमाबाईंचें म्हणणें कागदावर येऊन समुद्रापार जाण्याचा हा पहिला प्रसंग होय.

१८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या, वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या व त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मुलीसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्यांनीं संस्कृत शिकविलें. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या समारंभास त्या अमेरिकेला गेल्या, आणि पुढें तीन वर्षें तो देश हिंडून उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहून, व्याख्यानें देऊन त्यांनीं द्रव्य जमविलें. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. १८९० मध्यें तें पुण्यास गेलें.

येथून वर्षावर्षाला बोस्टनला अहवाल पाठविण्याचें काम रमाबाईंच्या गळ्यांत पडलें, आणि त्या कामांतला कांटा त्यांना लगेच टोंचला. शारदा सदनांत धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ती होणार नाहीं असें ठरलेलें होतें. अशा वेळीं अमेरिकेंतील एका ख्रिस्ती पत्रानें सदनांतील विधवांपैकीं कांहींजणींना ख्रिस्ती धर्माविषयीं प्रेम वाटूं लागल्याचें छापलें. दात्यांना तें गोड वाटलें असेल. परंतु तोच मजकूर केसरीच्या हातीं पडला, व पुण्यांत वणवा पेटला. तो कसाबसा शमला, तरी संशय राहिलाच. १८९३ मध्यें तो पुन्हां भडकला, रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून दूर झाले आणि अनेक मुलींना पालकांनीं काढून नेलें. या वादांत सर्व दोष एकाच पक्षाचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. रमाबाईंची प्रार्थनेची खोली उघडी असे व मुली तेथें जात, हें त्यांनीं नाकारलें नाहीं. पालकांच्या मनांत भय उत्पन्न होणेंही स्वाभाविक होतें. ज्याला मुलांविषयीं दूरच्या देशीं लिहावयाचें आहे त्यानें मात्र ही गोष्ट ध्यानांत ठेवावी कीं, दात्यासाठीं लिहिलेला कागद शेजारीही वाचतो, आणि एखादे दिवशीं तें मूलही वाचतें.

पुढें दोन एक वर्षांनीं रमाबाई वृंदावनास गेल्या. तेथील विधवांची स्थिति त्यांना डोळ्यांनीं पाहावयाची होती. पाहुण्या विदुषीच्या थाटानें गेलें असतां कोणीं खरें दाखविणार नाहीं हें जाणून त्या गरीब यात्रेकरणीच्या वेषांत गेल्या, आणि धर्माच्या नांवावर तरुण विधवांचा कसा व्यापार चालतो हें पाहून आल्या. अंगणांत उभें राहून पाहिलेलें आणि खुर्चीवर बसून ऐकलेलें यांतील अंतर त्यांना चांगलें ठाऊक होतें.

१८९६ सालीं पाऊस फसला. मध्य प्रांतांत फार मोठा दुष्काळ पडला. त्या बातम्या वाचून रमाबाईंना आपलें तिरुपतीचें रान आठवलें. शारदा सदनाचा खर्चच कसा चालवावा हा प्रश्न असतां त्या हातीं थोडें द्रव्य घेऊन मध्य प्रांतांत गेल्या. तेथें त्यांनीं जें लिहिलें त्याचा एक विशेष आहे. सरकारी कागदांत गरीबखाना असा शब्द होता. रमाबाईंनीं लिहिलें कीं त्यांनीं पाहिलेला पहिला गरीबखाना हें घर नव्हतेंच. गांवाबाहेरची एक झाडी होती व तिच्या सावलींत भुकेलीं माणसें रडत पडलीं होतीं. एका शब्दामागें लपलेली झाडी त्यांनीं अशी उघडी केली. मुलें तर हाडांचे सांपळे झालीं होतीं. कित्येकांना आईबापांनीं सोडलें होतें, कित्येकांचे आईबाप वाटेंत पडले होते. त्याहून भयंकर गोष्ट ही कीं अनाथ तरुण मुलींच्या शोधांत वाईट हेतूचे स्त्रीपुरुष तेथें घिरट्या घालीत होते. धान्याच्या आंकड्यांत हा धोका कोठेंच दिसत नसे. रमाबाईंनीं तो स्पष्ट लिहिला, कारण त्या स्वतः सोळाव्या वर्षीं भावाच्या एकट्याच्या आधारानें रानांत उभ्या होत्या.

त्यांनीं तीनशें मुली आणण्याचा संकल्प केला व तो पुरा केला. शारदा सदन उच्च वर्णाच्या विधवांसाठीं होतें. या मुली सर्व जातींच्या, पुष्कळशा शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या होत्या. त्यांना प्रथम न्हाऊं घालणें, थोडथोडें खाऊं घालणें आणि मग बोलतें करणें हें काम अतिशय कठीण होतें. फार दिवस उपाशी असलेल्या मुलास एकदम पोटभर अन्न दिलें तर तें दगावतें. कित्येक मुली आणल्यावरही वांचल्या नाहींत.

इकडे पुण्यांत प्लेगनें कहर केला होता. आधीं मुंबईस ही सांथ आली तेव्हां आपल्याकडचे चाकरमानी बोटी भरभरून कोंकणांत परतले, त्या आठवणी कांहीं घरांत अजून सांगितल्या जातात. शहरांत इतक्या नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. सुदैवानें रमाबाईंनीं पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन फळबागेसाठीं घेऊन ठेवली होती. मुलींना तेथें नेऊन तंबूंत व झोंपड्यांत ठेवलें. मुक्ति सदनाचा जन्म असा झाला.

याच वेळीं रमाबाईंनीं त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत जोखमीचा कागद लिहिला. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं घरांची झडती व माणसांना छावणींत नेणें सुरू होतें. त्यांच्या आश्रमांतील एक मुलगी अशीच नेली गेली व पुढें तेथून नाहींशी झाली. रमाबाईंनीं मे १८९७ मध्यें मुंबईच्या बाँबे गार्डियन या ख्रिस्ती पत्राला पत्र लिहून तपासणींत स्त्रियांची अब्रू राखली जात नाहीं व छावणींत तरुण मुली सुरक्षित नाहींत असें जाहीर केलें. लिहिणारी ख्रिस्ती, पत्र ख्रिस्ती, राज्यकर्तेही ख्रिस्ती. तेव्हां गप्प राहिलें असतें तर त्यांना कोणीं दोष दिला नसता, आणि मदतीसाठीं सरकारची मर्जी तर हवीच होती. पत्राचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं बाईंचीं विधानें चुकीचीं व दिशाभूल करणारीं ठरविलीं. रमाबाईंनीं उत्तर दिलें व आपलें म्हणणें मागें घेतलें नाहीं. त्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेंत होते. त्यांनींही पुण्यांतील जुलमाच्या तक्रारी तिकडे मांडल्या. परंतु परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढें येईना, म्हणून त्या सत्यनिष्ठ पुरुषास माफी मागावी लागली. दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे या कामाची अडचण कळते. गोखल्यांजवळ इतरांचीं पत्रें होतीं. रमाबाईंजवळ स्वतःच्या घरांतून गेलेली एक मुलगी होती. जी गोष्ट आपण पाहिली नाहीं तिच्यामागें उभें राहणें किती कठीण, हें सज्जनालाही सुटत नाहीं.

चार वर्षांनीं, १९०१ मध्यें, एमिली हॉबहाऊस या इंग्रज बाईनें दक्षिण आफ्रिकेंतील छावण्यांत बोअर मुलें कशीं मरतात तें आपल्याच सरकारपुढें मांडलें व देशद्रोहाचा डाग सोसला. १९१९ मध्यें एग्लंटाइन जेब यांनीं शत्रुराष्ट्रांतील उपाशी मुलांसाठीं लंडनमध्यें फंड उभारला. मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा त्यांनींच तयार केला, तो राष्ट्रसंघानें १९२४ सालीं जिनिव्हास मान्य केला. या बायकांची नांवें जगभर घेतलीं जातात. केडगांवचें नांव त्यांच्या पंक्तींत क्वचितच ऐकूं येतें.

१८९८ सालीं बोस्टनच्या मंडळाचीं दहा वर्षें भरलीं. रमाबाई स्वतः अमेरिकेस गेल्या, झालेल्या कामाची हकीकत सांगितली, व मंडळाची नव्यानें घडी बसवून आल्या. १९०० मध्यें गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां त्यांना एकटीनें जावें लागलें नाहीं. हाताखालीं तयार झालेल्या स्त्रिया गांवोगांव जाऊन मुली घेऊन आल्या. तेव्हां केडगांवास राहणारांची संख्या दीड हजारांवर गेली. मुलींना मराठी वाचनलेखन शिकवावयाचें, आणि विणकाम, तेलघाणा, शेती, गुरें, छापखाना हीं कामेंही तेथेंच. पतित स्त्रियांसाठीं कृपा सदन निघालें. मनोरमाबाईंनीं अंध मुलींना बोटांनीं वाचावयास शिकविलें. मुक्ति प्रेअर बेल या नांवाचें लहानसें इंग्रजी पत्र केडगांवाहून निघूं लागलें व त्यांतून दूरच्या मित्रांना तेथील बरीवाईट हकीकत कळूं लागली.

या लेखनांत आम्हांस न रुचणाराही भाग आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. परदेशी वाचकांसाठीं लिहितांना रमाबाई आपल्या समाजावर कधीं कधीं इतका सरसकट कोरडा ओढीत कीं, अनंतशास्त्र्यांसारखा बापही त्याच समाजांतला होता हें वाचकानें विसरावें. मुलींच्या धर्मांतराचा आनंदही त्या मोकळेपणीं लिहीत. भुकेनें आलेल्या मुलीची संमति कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळीं लोकांनीं विचारला व आजही विचारतात. तो विचारला जाणें योग्यच आहे. आमच्यासारख्या शाळांनीं तर तो आधीं विचारावा. पण ज्या दिवशीं त्या मुली झाडीखालीं पडल्या होत्या, त्या दिवशीं दुसरे फारच थोडे तेथें पोंचले होते, हेंही तितकेंच खरें आहे.

उतारवयांत रमाबाईंना ऐकूं कमी येऊं लागलें. त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून खेड्यांतल्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठींत बायबलाचें भाषांतर आरंभिलें. १९१९ सालीं सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. ज्या सरकारनें बावीस वर्षांपूर्वीं त्यांना खोट्या ठरविलें होतें तेंच हें सरकार. जुलै १९२१ मध्यें मनोरमाबाई, ज्यांच्यावर सर्व काम सोंपवावयाचें होतें, आईच्या आधीं गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं केडगांवास देह ठेविला. भाषांतर त्यांच्या पश्चात् १९२४ मध्यें मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविणाऱ्या बायकांत दुष्काळांतून आलेल्या मुली होत्या. केडगांवास येण्यापूर्वीं त्यांना अक्षरओळखही नव्हती.